प्रबंध की परीक्षा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पहिल्या रांगेत बसलेले माझे सर्व गुरुजन, माझ्या आणि मागच्यापुढच्या बॅचचे मित्रमैत्रिणी, आणि मागे दाराशी उभे असलेले आजचे विद्यार्थी,

संयोजकांचा फोन आला तेव्हा विषयही ठरलेला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ग्रामीण विद्यार्थी’. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला दुसरा कुठला विषय देणार? पण त्या विषयावर बोलणारे आता एस.टी. स्टँडवरसुद्धा भेटतात. म्हणून परवानगी काढून मी विषय बदलून घेतला. आज मी माझ्या क्षेत्राबद्दल न बोलता माझ्या भाचीच्या क्षेत्राबद्दल बोलणार आहे. तिला पडलेला एक प्रश्न आमच्या घरात चार महिने चालला, आणि त्याचा संबंध आपल्या भोर-वेल्ह्याशी आहे.

माझं माहेर गुंजवणीच्या काठचं, वेल्हे तालुक्यातलं. तालुक्याचं नाव आता राजगड, पण माझ्या तोंडी वेल्हेच बसलंय. शाळेसाठी मी इथे भोरला मामाकडे होते, हे माझ्या वर्गातल्यांना माहीत आहे. माझा भाऊ गावीच असतो, भातशेती करतो. त्याची मुलगी मुंबईला शिकली आणि पुढे अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी या विषयात मास्टर्स करायला गेली. मराठीत वाचा आणि भाषा उपचार म्हणू या.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. विद्यापीठाने एक फॉर्म दिला होता. त्यावर दोन चौकोन. एक थीसिसचा, म्हणजे प्रबंधाचा. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षेचा, म्हणजे दोन वर्षांत शिकलेल्या सगळ्यावर शेवटी होणाऱ्या एका मोठ्या परीक्षेचा. एकावर खूण करायची. “आत्या, तू सांग. पप्पांना विचारलं तर ते म्हणतील, जे लवकर संपेल ते घे.”

पप्पांनी अगदी तेच म्हटलं. तिच्या शिक्षणाचं कर्ज जमिनीवर आहे, आणि हप्ता वेळेवर सुरू व्हावा असं वाटण्यात त्याचं काही चुकत नाही.

आता हा व्यवसाय काय आहे ते आधी सांगते, कारण ‘तोतऱ्या मुलांना नीट बोलायला शिकवणारी बाई’ एवढीच आपली समजूत असते. या लोकांकडे उशिरा बोलणारी मुलं येतात, ऐकू कमी येणारी येतात, स्वमग्न मुलं येतात, टाळू फाटलेली मुलं शस्त्रक्रियेनंतर येतात. अर्धांगवायूने वाचा गेलेली माणसं येतात. गिळताना ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाणारे म्हातारे येतात. गिळणं हासुद्धा याच शाखेचा विषय आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा नवल वाटलं होतं. आणि शिक्षक येतात. साठ-साठ मुलांच्या वर्गात खडूच्या धुळीत तीस वर्षं ओरडून स्वरतंतूंवर गाठी आलेले शिक्षक. पहिल्या रांगेतल्या काही बाई आता एकमेकींकडे बघतायत, ते मला इथून दिसतंय.

आपल्याकडे मूल बोलेना की घरातले तीन गोष्टी सांगतात. जीभ जड आहे. वेखंड उगाळून मधातून चाटवा. आणि याचा बापही उशिराच बोलला होता. तिसऱ्यात थोडं तथ्य असू शकतं, उशिरा बोलणं काही घराण्यांत असतं. पण या तीन गोष्टींच्या गडबडीत चौथी राहून जाते, की त्याला ऐकू येतं का हे कुणी तपासलं का? मागून हाक मारल्यावर मूल वळतं, म्हणून ऐकू येतं असं आपण धरून चालतो. त्याला दार आपटलेलं ऐकू येत असेल आणि ‘स’ ऐकू येत नसेल, हे आपल्या डोक्यात येत नाही.

आमच्या घरातलंच सांगते. माझ्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पाणी हवं असलं तरी ‘पाणी’ म्हणता येईना. आजीला हाक मारता येत नव्हती, पण तिचं नाव त्यांनी आधीही कधी घेतलं नव्हतं, तो भाग वेगळा. गंमत अशी, की संध्याकाळी देवळात आरती सुरू झाली की ओसरीवर बसलेले आजोबा सगळी आरती शब्दन्शब्द म्हणायचे. गावात चर्चा, की म्हाताऱ्याला सगळं येतंय, मुद्दाम बोलत नाही. माझी आई त्या बोलण्याने फार दुखावली होती.

भाचीने पुढे मला ते समजावून सांगितलं. बहुतेक माणसांच्या मेंदूत बोलणं रचण्याचं काम डावा अर्धा भाग करतो. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये एका रुग्णाच्या मेंदूवरून ती जागा दाखवली. ती बिघडली की नवं वाक्य जुळवता येत नाही. पण पाठ असलेलं, चालीत बसलेलं, एक-दोन-तीन-चार, वारांची नावं, आरती, हे पुष्कळ वेळा शाबूत राहतं. उपचार करणारे तिथूनच सुरुवात करतात. अशा माणसाला कुणी ढोंगी म्हणू नये, एवढं जरी आपण इथून घेऊन गेलो तरी आजचं जेवण पचलं म्हणायचं.

तुम्हाला वाटेल, आजोबांमुळे ती या क्षेत्रात गेली. तसं नाही. तिला वैद्यकीयला थोडे गुण कमी पडले आणि प्रवेशाच्या यादीत हा कोर्स दिसला. पुष्कळांची आयुष्यं अशीच ठरतात, उगाच कथा कशाला करायची!

आपल्या देशात हे शिक्षण साठ वर्षांपूर्वी सुरू झालं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ ची. मुंबईत नायर रुग्णालयाच्या आवारात त्याच सुमारास अभ्यासक्रम सुरू झाला, आणि वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये आली. पुण्यातही आता शिकता येतं. बारावी सायन्सनंतर चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढे दोन वर्षांचं मास्टर्स. १९९२ च्या कायद्याने झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. मागे उभ्या असलेल्या मुलामुलींनी हे ऐकून ठेवा. डॉक्टर आणि इंजिनीअर यांच्यामध्ये बरीच जागा मोकळी आहे.

आपल्याकडच्या मास्टर्समध्ये सर्वसाधारणपणे परीक्षाही असतात आणि प्रबंधही. निवडीचा प्रश्न फारसा येत नाही. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत तो येतो. आणि मजा म्हणजे तिथे व्यवसायाचं प्रमाणपत्र मिळायला यातलं काय घेतलं याने काही फरक पडत नाही. तिथली जी संघटना प्रमाणपत्र देते, ती मागते ४०० तासांचं प्रत्यक्ष काम, त्यातले २५ निरीक्षणाचे. मग प्रॅक्सिस नावाची राष्ट्रीय परीक्षा, अडीच तासांत १३२ प्रश्न. आणि पदवीनंतर देखरेखीखाली निदान ३६ आठवडे पूर्णवेळ नोकरी. प्रबंध हवाच असं ती म्हणत नाही. म्हणजे प्रबंध केला काय, मोठी परीक्षा दिली काय, दाराबाहेर पडताना दोघींच्या हातात कागद एकच. पुढे पीएच.डी. करायची असेल तर मात्र प्रबंध उपयोगी पडतो.

मग अडचण काय? वेळ. प्रबंधाला मार्गदर्शक शोधायचा, तीन प्राध्यापकांची समिती नेमायची, नैतिक परवानगी काढायची, मुलं किंवा रुग्ण गोळा करायचे, नोंदी घ्यायच्या, लिहायचं, समितीपुढे उभं राहून बचाव करायचा. हे सगळं चालू असताना शेवटच्या सेमिस्टरला कुठल्या तरी दूरच्या रुग्णालयात किंवा शाळेत रोज आठ तास काम. एखादी गोष्ट लांबली की एक सेमिस्टर वाढतं, आणि वाढलेल्या सेमिस्टरची फी डॉलरमध्ये असते. परीक्षेचं तसं नसतं. तारीख ठरलेली. अभ्यास करायचा, जायचं, लिहायचं. मात्र सगळं यावं लागतं. समोर चार रुग्णांचं वर्णन येतं, एक बाळ, एक शाळकरी पोर, एक अर्धांगवायूचा, एक घशाच्या कर्करोगाचा, आणि चौघांचं काय करशील ते सांगावं लागतं. आवडता एक विषय धरून बाकीचे ऑप्शनला टाकता येत नाहीत.

आमच्या इंजिनीअरिंगला शेवटच्या वर्षी ‘प्रोजेक्ट’ असायचा. काळं रेक्झिन बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. विषय दहातल्या सहांचा ग्रंथालय व्यवस्थापन. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचे मिळायचे. तेव्हापासून सोनेरी अक्षरांचा मला धाक वाटत नाही. प्रबंध म्हणजे हुशार मुलांचं आणि परीक्षा म्हणजे बाकीच्यांचं, अशी जी एक समजूत आहे ती मला मान्य नाही. माझ्या कामातही एखादाच भाग खोल जाऊन बांधणारे लागतात आणि सगळी प्रणाली कुठे मोडेल हे सांगणारे लागतात. दुसऱ्या प्रकारच्यांना पगार कमी देतात, पण रात्री दोनला फोन त्यांनाच जातो.

एवढंच असतं तर मी पहिल्याच फोनवर ‘परीक्षा घे’ म्हणून मोकळी झाले असते. पण तिच्या मनात विषय होता, आणि तो इतका चांगला होता की मी गप्प बसले.

तिला वेल्ह्याच्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे उच्चार नोंदवायचे होते. कुठला आवाज कुठल्या वयात येतो, एवढाच प्रश्न. इंग्रजी मुलांसाठी असे तक्ते भरपूर आहेत. मराठीसाठी त्या मानाने थोडे. आणि मराठी म्हणजे तरी कुणाची?

जरा तुमच्या स्वतःच्या तोंडाकडे लक्ष द्या. ‘चार’ म्हणा, आकडा. आता ‘गुरं चार’ म्हणा. लिहिताना दोन्ही एकच. पण जीभ दोन वेगळ्या जागी लागली. ‘हे जग’ आणि ‘तू जग’, तसंच. आपली लिपी हा फरक दाखवत नाही, आणि आपल्याला कुणी तो शिकवलेला नाही. मूल तो ऐकून ऐकून शिकतं. मग ‘ळ’ आहे, ‘ण’ आहे, ‘म्हैस’मधला ‘म्ह’ आहे, ‘न्हाणी’तला ‘न्ह’ आहे. इंग्रजीच्या तक्त्यात यांतलं काहीच नाही. अमेरिकेत बसून इंग्रजीची कसोटी मराठीत उतरवली तर ती आपल्या मुलाला नेमकं अवघड तेच विचारणार नाही.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची. आमच्याकडे ‘पानी’ म्हणतात. ‘येळ’ झाली म्हणतात, ‘न्हाई’ म्हणतात, ‘व्हतं’ म्हणतात. पुण्यातल्या एखाद्या शाळेतल्या मुलांवरून कसोटी बेतली आणि आमच्याकडचं पाच वर्षांचं पोर तिच्यापुढे बसवलं, तर त्याला ‘ण’ येत नाही, ‘व’ येत नाही, असा शेरा पडेल. त्याला सगळं येतंय. त्याच्या आईला, आजीला, शेजाऱ्याला जे येतं ते त्याला येतं. बोली वेगळी असणं हा आजार नाही. अमेरिकन संघटनेने हे १९८३ मध्ये लेखी मान्य केलं, तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीवरून बराच वाद झाल्यावर. आपल्याकडे अजूनही ‘अशुद्ध बोलतो’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेली मुलं मिळतील. आणि उलटही होतं. खरोखर उच्चाराचा दोष असलेलं मूल ‘खेड्यातलं आहे, बोलतात ते असंच’ म्हणून सोडून दिलं जातं. दोन्हीकडून नुकसान त्याचंच.

मराठीच्या ध्वनींवर काम झालेलं नाही असं नाही. डॉ. अशोक केळकरांनी १९५८ मध्ये कॉर्नेलला मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. पण ती मोठ्या माणसांची बोली. तीन वर्षांच्या पोराची बोली टिपायची तर अंगणवाडीच्या ताईशेजारी चार दिवस बसावं लागतं, आणि पोर लाजून बोलत नाही तेव्हा पाचव्या दिवशी परत जावं लागतं.

मी भाचीला म्हटलं, हे कर. सेमिस्टर वाढलं तर वाढलं, फी मी भरते. वहिनीने फोन हातात घेतला आणि म्हणाली, “वन्सं, तुम्ही भराल, पण ती परत कधी येणार?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मधल्या काळात भाचीने नैतिक परवानगीसाठीचा अभ्यास सुरू केला. लहान मुलांवर संशोधन करायचं तर आईवडिलांची लेखी संमती लागते. आपल्या आय.सी.एम.आर.च्या २०१७ च्या नियमांत तर सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही विचारायला सांगितलाय. हे नियम एवढे कडक का, ते शिकवताना तिच्या प्राध्यापकांनी एक जुनी हकिगत सांगितली. ती ऐकून तिने मला रात्री फोन केला. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९३९ साल. अमेरिकेतलं आयोवा विद्यापीठ. तिथे वेंडेल जॉन्सन नावाचे मोठे अभ्यासक होते, स्वतः तोतरे. त्यांचं म्हणणं असं, की मूल जन्मतः तोतरं नसतं, मोठी माणसं त्याच्या साध्या अडखळण्यावर बोट ठेवतात आणि त्यातून तोतरेपण तयार होतं. हे पडताळायला त्यांची मेरी ट्यूडर नावाची विद्यार्थिनी डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात गेली. तिचा मास्टर्सचा प्रबंध होता तो, माझ्या भाचीच्याच शाखेतला. बावीस मुलं निवडली. त्यातली काही मुलं चांगली बोलणारी होती. अशा सहा जणांना तिने महिनोन् महिने सांगितलं, की तुमच्या बोलण्यात दोष आहे, तुम्ही तोतरे होत चाललात, नीट बोलता येत नसेल तर बोलू नका. आश्रमातल्या शिक्षिकांनाही तेच पटवून दिलं. ती मुलं तोतरी झाली असं म्हणता येत नाही. ती गप्प झाली. तोंडावर हात ठेवून बोलू लागली, अभ्यासात मागे पडली. प्रबंध लिहून झाला, बांधून झाला, ग्रंथालयात ठेवला गेला. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने ते सगळं उजेडात आणलं, मग विद्यापीठाने माफी मागितली. वाचलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना २००७ मध्ये सरकारकडून भरपाई मिळाली. तोवर ती मुलं सत्तरी-ऐंशीची झाली होती. आणि तोतरेपणाची मुळं मेंदूच्या घडणीत आणि आनुवंशिकतेत असतात, हे आज बहुतेक सगळे मानतात. म्हणजे जे पडताळायला हे केलं तेही टिकलं नाही.

भाची म्हणाली, “आत्या, मी असलं काही करणार नाहीये. मी फक्त ऐकणार आहे. पण समज, मी चाळीस मुलं ऐकली आणि त्यातली तीन मला खरंच मागे पडलेली दिसली. मग मी काय करू? आईला सांगायचं, की तुमच्या पोराला दोष आहे. ती विचारणार, मग आता काय करायचं? आणि माझं तिकीट पुढच्या रविवारचं.”

मी म्हटलं, पुण्याला पाठवायचं. तर ती हसली. हसणं बरोबर होतं. वाचाउपचार म्हणजे एक गोळी नव्हे. आठवड्यातून एकदा-दोनदा, महिनोन् महिने. वेल्ह्याहून पुणं साठ किलोमीटरच्या आसपास, वरच्या वस्तीवरून आधी वेल्ह्यापर्यंत पायी किंवा जीपने. एक फेरी म्हणजे आईची दिवसाची मजुरी गेली, आणि भातलावणीच्या दिवसांत तर कुणी शेत सोडून येणारच नाही. ‘ऑनलाइन करा’ म्हणणं सोपं आहे. मी त्याच धंद्यात आहे, म्हणून सांगते, ज्या दरीत फोनला रेंज घ्यायला टेकडीवर जावं लागतं तिथे ते ऑनलाइन राहू द्या. आणि एकदा गावात ‘त्याच्यात दोष आहे’ हे पसरलं की ते पोर पुढे त्या नावानेच ओळखलं जातं. उपचार नाही, नुसतं नाव.

आपल्या वर्गात एक मुलगा होता. तो आज इथे बसलाय आणि त्याने सांगायला हरकत नाही म्हटलंय. त्याला ‘हजर’ म्हणता यायचं नाही. ‘ह’वर अडकायचा. तो नुसता हात वर करायचा, आणि गुरुजी समजून घ्यायचे. धड्याच्या वाचनात त्याचा नंबर आला की ते मायेपोटी त्याला वगळून पुढे जायचे. त्याने मला या वेळी सांगितलं, की तो वाट बघायचा, एखाद्या दिवशी वगळणार नाहीत आणि कितीही वेळ लागला तरी वाचू देतील याची. आज त्याचा स्वतःचा टेम्पोचा धंदा आहे. गिऱ्हाइकाशी दोन तास बोलतो, पण फोनवर स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की थांबतो. नावाला दुसरा शब्द नसतो ना! बाकी शब्द अडला तर तो बदलून पुढे जातो. मोठ्या माणसांत शंभरात एखादं असं असतं. म्हणजे या सभागृहातही असणार.

तर भाचीने परीक्षेच्या चौकोनावर खूण केली. कर्जामुळे नाही, हे तिने पप्पांनाही सांगितलं. तिचं म्हणणं असं, की आपल्या खोऱ्यात आधी हात लागतील आणि मग तक्ते. सगळ्या प्रकारचे रुग्ण हाताळता येणारी एक बाई जर आठवड्यातून दोन दिवस वेल्ह्यात बसणार असेल, तर तीच दोन-तीन वर्षांत सहज चाळीस काय, दीडशे मुलं ऐकेल, आणि सापडलेल्या मुलाच्या आईला ‘पुढच्या मंगळवारी या’ असं सांगू शकेल. गावात एकच डॉक्टर असतो तेव्हा त्याला ‘माझा विषय फक्त डोळे’ म्हणता येत नाही; म्हणून ती सगळ्यावरची परीक्षा.

माझं मत अजूनही थोडं वेगळं आहे. बाहेर असताना मिळणारा मार्गदर्शक, ग्रंथालय, चुका दाखवणारी समिती, हे सगळं इथे वेल्ह्यात पुन्हा मिळणार नाही. ‘नंतर करू’ म्हटलेले तक्ते रोजच्या रुग्णांच्या रांगेत मागे पडतात, हे मी माझ्या क्षेत्रात रोज बघते. तिथे आम्ही त्याला ‘पुढच्या आवृत्तीत घेऊ’ म्हणतो. भाचीला हे पटलं नाही. आमचं यावर एकमत झालेलं नाही आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही. मार्चमध्ये तिने परीक्षा दिली, पास झाली. आता ३६ आठवड्यांची ती देखरेखीखालची नोकरी चालू आहे.

तोवर इथे काय करता येईल, ते सांगून थांबते. वर्षाच्या मुलाने एखादा शब्द काढायला हवा, दोन वर्षांच्या मुलाने दोन शब्द जोडायला हवेत, ‘पानी दे’, ‘बाबा आला’ असे. तसं होत नसेल तर वेखंड नको, आधी कानाची तपासणी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतात. त्यांच्या यादीत ऐकू न येणं आणि भाषा उशिरा येणं या दोन्ही गोष्टी आहेत. पथक घाईत असतं, म्हणून ताईंनी आणि गुरुजींनी मुलाचं नाव आपण होऊन पुढे करायला हवं.

भाची डिसेंबरमध्ये महिनाभर गावी येतेय. सध्या तरी तिला कुणाला तपासायचं नाही. तिला आपल्या भागातल्या अंगणवाड्यांतल्या ताईंना आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांना भेटून बसायचं आहे, मुलं कुठे अडतात हे त्यांच्याकडून ऐकायचं आहे. पुढे आठवड्यातून दोन दिवस बसायला वेल्ह्यात किंवा नसरापुरात एखादी शांत खोली मिळेल का, हेही बघायचं आहे. खोली रस्त्याला लागून नको, कारण एस.टी.च्या हॉर्नमध्ये कानाची तपासणी होत नाही. इथे असे शिक्षक बरेच आहेत, आणि एकदोघांची नसरापूरला घरंही रिकामी आहेत, हे मला ग्रुपवरून कळलंय. त्यांनी जेवणाच्या वेळी मला गाठावं. मी मामाच्या घरच्यांबरोबर डाव्या बाजूच्या पंगतीत असेन.